डबीतलं दप्तर : नवी मुंबईच्या घरांतल्या फ्लॉप्या, सीडी आणि पेन ड्राइव्ह

आजचा विषय ऐकून दोघातिघांनी विचारलं, की फ्लॉपी आणि सीडी हा इतिहासाचा विषय कधीपासून झाला? विचारणं रास्त आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, ताम्रपट, मोडी कागदांचे रुमाल आठवतात. पण इतिहास लिहायला साधनं लागतात आणि ती कुणीतरी कुठेतरी ठेवलेली असावी लागतात. नवी मुंबईतल्या माणसांनी आपले खासगी कागद, हिशेब, फोटो, लेखन संगणक आल्यानंतर कशात ठेवलं, आणि ते पुढे उघडता आलं का, एवढंच आज बघायचं आहे. काळ साधारण १९८५ पासून आजपर्यंतचा.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, उरण आणि पनवेल या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. त्या गावांतल्या घरांत आजही एखादी पत्र्याची पेटी असते. तिच्यात सातबाऱ्याचे जुने उतारे, संपादनाच्या नोटिसा, भरपाईच्या पावत्या, साडेबारा टक्के योजनेचे अर्ज असतात. कागद पिवळे पडलेत, कडा वाळवीने खाल्ल्यात, पण वाचता येतात. पन्नास वर्षांपूर्वीचा कागद वकिलासमोर ठेवता येतो.

आता त्याच शहरात १९९० नंतर राहायला आलेल्या कुटुंबाचं घर बघा. नोकरदार माणसं, घरात संगणक लवकर आलेला. सोसायटीचे हिशेब, मुलांचे फोटो, एखाद्या काकांनी लिहिलेलं आत्मचरित्र, हे सगळं त्या संगणकावर. आणि त्याच्या प्रती? माळ्यावरच्या एका प्लास्टिकच्या डबीत, फ्लॉप्या नि सीड्यांच्या रूपात. आमच्याकडे लोक अशा डब्या घेऊन येतात. बहुतेक वेळा प्रत व्यवस्थित काढलेली असते, वर सुवाच्य अक्षरात तारीखही असते. अडतं ते उघडताना. म्हणजे १९७५ चा कागद वाचता येतो आणि १९९८ ची फ्लॉपी वाचता येत नाही, अशी उलटी स्थिती झाली आहे. ती कशी झाली, ते क्रमाने पाहू.

फ्लॉपीच्याही आधी कॅसेट होती. ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक म्हणून जी यंत्रं आपल्याकडे आली, त्यांत झेडएक्स स्पेक्ट्रम होता. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची भारतीय आवृत्ती काढली होती. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले. स्पेक्ट्रमवर लिहिलेला प्रोग्रॅम ठेवायचा तो गाण्याच्या साध्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर जोडायचा, आणि माहिती म्हणजे एक कर्कश आवाज. एका बाजूला लता मंगेशकर आणि दुसऱ्या बाजूला मुलाचा प्रोग्रॅम, असंही घडायचं. पण ही मोजक्या घरांची गोष्ट, तिच्यापाशी थांबत नाही.

खरी वस्तू फ्लॉपी. आयबीएमने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी बाजारात आणली, १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीने सव्वापाच इंची काढली. आपल्याकडच्या ऑफिसांत जी आली ती ही सव्वापाच इंची, मऊ, काळी, कागदी पाकिटातली. तिच्यात मावायचं ३६० केबी, पुढे १.२ एमबी. मग साडेतीन इंची, कडक प्लास्टिकची, जिच्यावर '१.४४ एमबी' लिहिलेलं असायचं. नेमके बाइट मोजले तर १४,७४,५६०. आजच्या युनिकोड मराठीत एका अक्षरचिन्हाला तीन बाइट धरले, तर त्यात पावणेपाच-पाच लाख चिन्हं मावतात. म्हणजे एक बऱ्यापैकी जाड कादंबरी खिशात.

हा 'खिशात' शब्द महत्त्वाचा. नवी मुंबईला ही वस्तू इतकी का मानवली? कारण हे शहर राहण्याचं होतं आणि काम बरेचदा खाडीपलीकडे होतं. मानखुर्द-वाशी लोहमार्ग ९ मे १९९२ ला सुरू झाला. त्याआधी १९७३ च्या खाडीपुलावरून बस. ऑफिसात संगणक आणि प्रिंटर, घरी उशिरा मिळालेला असेंबल केलेला पीसी. दोन्हींच्या मध्ये नेटवर्क नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं खरं, पण टेलिफोनच्या तारेवरून. त्यामुळे मधली तार म्हणजे हार्बर लाइनची लोकल. बॅगेत जेवणाचा डबा आणि त्याच्या शेजारी फ्लॉपी. डबा सांडला तर दोन्ही गेलं.

इथे एक लक्षात घ्या. ही फ्लॉपी 'बॅकअप' म्हणून निघालेली नव्हतीच. ती वाहतुकीसाठी निघाली, आणि ऑफिसात किंवा घरी पडून राहिली म्हणून तिचा बॅकअप झाला. आज ज्या प्रती सापडतात त्यांतल्या पुष्कळशा अशा आहेत, चुकून वाचलेल्या. जपून ठेवायची म्हणून मुद्दाम काढलेली प्रत हा वेगळाच प्रकार, आणि तो आधी शिकला तो व्यापारी. त्याच्याकडे येतोच, त्याआधी एक पाहुणा बघू.

फ्लॉपीबरोबर रोगही प्रवास करू लागले. १९९० च्या जून महिन्यात भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव 'जोशी'. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये दडायचा आणि अशी फ्लॉपी आत ठेवून संगणक सुरू केला की हार्ड डिस्कवर जायचा. वर्षभर गप्प. ५ जानेवारीला संगणक गोठायचा आणि पडद्यावर हुकूम यायचा, की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. तेवढं निमूट टाइप केलं की यंत्र पुन्हा चालू! जगभरच्या संगणकांकडून आपल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा वसूल करणारे हे जोशी कोण, हा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. पण त्याचं नाव-गाव इतिहासाला ठाऊक नाही. गंमत बाजूला ठेवली तर यातून एक सवय लागली. बाहेरची फ्लॉपी आली की आधी 'स्कॅन मार'. पुण्यात कैलाश काटकरांचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे व्हायरस लागलेले संगणक येऊ लागले, धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यात त्यांतून 'क्विक हील' उभं राहिलं. एका मराठी उद्योगाचा जन्म असा हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपीमुळे झालेला आहे.

आता व्यापारी. मुंबईतल्या मशीद बंदर, भायखळा भागातले घाऊक बाजार ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीच्या एपीएमसीत आले. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी, फळं. गाळ्यात चोपड्या होत्याच, हळूहळू शेजारी संगणक आला आणि त्यावर टॅली. १९८६ मध्ये गोएंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीचं हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. त्यात 'बॅकअप' आणि 'रिस्टोअर' अशा दोन आज्ञा होत्या. मुनीमजींना पहिली पाठ होती. संध्याकाळी गाळा बंद करायच्या आधी फ्लॉपी आत घालायची, बॅकअप घ्यायचा, फ्लॉपी खिशात टाकून घरी न्यायची. काही ठिकाणी वारांप्रमाणे फ्लॉप्या होत्या: सोमवारची, मंगळवारची, अशा. रात्री गाळ्यात आग लागली तरी हिशेब घरी सुरक्षित. ही पद्धत कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती. रोजमेळ आणि खतावणी वेगळी ठेवायची आणि मुख्य चोपडी रात्री पेढीवर सोडायची नाही, ही जुनी शिस्तच फ्लॉपीवर उतरली.

दुसरी आज्ञा, रिस्टोअर, मात्र कुणी सहसा चालवून बघायची नाही. तिची वेळ यायची ती 'हार्ड डिस्क उडाली' की. आणि मग कळायचं, की सोमवारची फ्लॉपी वाचली जाते पण शनिवारची नाही. डेटा वाढला की तो एका फ्लॉपीत मावेना. मग आर्ज किंवा पीकेझिपने दाबून बारा फ्लॉप्यांवर पसरायचा. बारांपैकी सातवी खराब निघाली की गाडी तिथेच अडायची. डॉसमधल्या मूळ 'बॅकअप' आज्ञेचं तर आणखीच अवघड. तिच्या आवृत्त्या बदलल्या तसा प्रतीचा साचा बदलला, आणि १९९३ च्या डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगळाच प्रोग्रॅम दिला. ज्याने प्रत काढली त्यानेच ती उघडायची, आणि तो तर नव्या संगणकावर नाही. पुढे विंडोजमध्येही हेच झालं: एक्सपीवर काढलेली बॅकअप फाइल व्हिस्टावर थेट उघडेना. म्हणून आमचं मत असं, की त्या काळात ज्यांनी 'बॅकअप सॉफ्टवेअर' न वापरता साध्या फाइली साध्या पद्धतीने कॉपी मारून ठेवल्या, ते शहाणे निघाले. शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांचा डेटा जास्त वाचला, असं म्हणायलाही हरकत नाही.

सरकारनेही फ्लॉपीला कागदाचा दर्जा दिला होता, हे विसरू नका. पगारातून वा देयकांतून कापलेल्या कराचं विवरण संगणकीय स्वरूपात द्यावं, अशी योजना प्राप्तिकर खात्याने २००३ मध्ये आणली. विवरणाची फाइल फ्लॉपीवर किंवा सीडीवर घ्यायची आणि सोबत सही केलेला २७ए नमुना जोडून ती केंद्रावर द्यायची. एका फ्लॉपीत एकच विवरण. सनदी लेखापालांच्या ऑफिसांत त्या वर्षांत फ्लॉप्यांचे ढीग लागले ते यामुळे. बाकी जग फ्लॉपी सोडत होतं तेव्हा आपण ती अर्जासोबत टाचत होतो.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ, कारण तो खास आपला आहे. समजा फ्लॉपी चांगली आहे. यूएसबीवर चालणारा साडेतीन इंची ड्राइव्ह आणला, बुरशी पुसली, फाइल उतरली. उघडली, आणि समोर मराठी नाही. रोमन अक्षरं, त्यांवर उपऱ्या खुणा, मध्येच कंस, मध्येच डॉलरचं चिन्ह. फाइल खराब झालेली नसते. प्रत्येक बाइट जागच्या जागी असतो. हरवलेला असतो तो फॉन्ट.

हे नीट समजून घेऊ. संगणक अक्षर ठेवत नाही, आकडा ठेवतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हा करार. इंग्रजीचा करार एकच होता. मराठीचे मात्र अनेक झाले. मानक नव्हतं असं नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक तयार झालं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते स्वीकारलं. कानपूरच्या आयआयटीत जिस्ट तंत्रज्ञान घडलं, मोहन तांबे ते घेऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, जिस्टचं कार्ड संगणकात बसवलं की डॉसमध्ये देवनागरी दिसायची. पण विंडोज आलं आणि छपाईच्या दुकानांना घाई होती. मग ज्याने त्याने आपला फॉन्ट केला: इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. इथे काना, तिथे अर्धा क, पलीकडे रफार. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, फुकट मिळणारे शिवाजी आणि किरण. प्रत्येकाची मांडणी निराळी. श्रीलिपीत लिहिलेलं आकृतीत उघडलं की मजकुराची भेळ. त्यात काहींना संगणकाच्या मागे लावायचं कुलूप लागायचं, ज्याला डाँगल म्हणत. ते प्रिंटरच्या खाचेत बसायचं. आज ती खाच संगणकावर सापडत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, १९९१ पासून आहे, आणि तीही इस्कीच्याच पायावर. पण कागदावर असणं वेगळं आणि घरात असणं वेगळं. विंडोज एक्सपीत देवनागरी नीट दिसावी म्हणून एक खूण करावी लागायची, आणि ती केली की यंत्र एक्सपीची मूळ सीडी मागायचं. ज्या शहरात विंडोज 'टाकून' मिळत होतं, तिथे मूळ सीडी कुणाकडे? शिवाय मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका घडायच्या पेजमेकरवर, आणि पेजमेकरला शेवटपर्यंत युनिकोड कळलं नाही. त्यामुळे २००१ नंतरही वर्षानुवर्षं मराठी मजकूर जुन्याच फॉन्टांत साठत राहिला.

याचा परिणाम असा, की घरात इंग्रजीत लिहिलेली पत्रं, अर्ज, प्रकल्प आज चटकन उघडतात आणि त्याच डबीतलं मराठी लेखन उघडत नाही. एखाद्या निवृत्त शिक्षिकेने स्वतःच्या आयुष्यावर दोनशे पानं लिहिली. डीटीपीवाल्याने 'मॅटर' सीडीवर दिलं. छापायचं राहून गेलं, बाई गेल्या, डीटीपीचं दुकान बंद झालं. मुलांनी सीडी जपली आहे. आत तीन पेजमेकर फाइली, फॉन्ट नाही. आम्ही अशी प्रकरणं पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न हाच विचारतो: दुकानात कुठला फॉन्ट होता? फॉन्टचं नाव कळलं तर काम होतं. जुन्या फॉन्टातून युनिकोडात नेणारे कन्व्हर्टर आहेत, जोडाक्षरं आणि रफार हाताने दुरुस्त करावे लागतात एवढंच. नाव कळलं नाही तर अंदाज बांधत बसायचं.

मराठीला हा अनुभव नवा नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींचं लीळाचरित्र सिद्ध केलं. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत हरवली. अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ झाले. आणि पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले. पोथ्या मठांतून सुखरूप होत्या, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्या शतकानुशतकं बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या पिढीच्या हाती ती लिपीची किल्ली आली आणि जुन्या मराठी गद्याचं एक दालनच उघडलं. महानुभावांनी लिपी मुद्दाम लपवली, आपली नकळत लपली. आणखी एक फरक आहे. महानुभावांच्या मठात ती लिपी वाचणारा कुणीतरी प्रत्येक पिढीत होता. १९९६ चा एखादा फॉन्ट वाचणारं यंत्र प्रत्येक पिढीत राहील, अशी सोय कुणी केलेली नाही.

सीडीकडे वळू. लिहिता येणाऱ्या सीडीत ७०० एमबी मावतात. तिच्या सेक्टरांचा हिशेब मांडला तर बरोबर ५०० फ्लॉप्या. डायल-अपवरून एवढा डेटा वर पाठवायचा तर सर्वांत चांगल्या वेगानेही अखंड दोन दिवस टेलिफोन अडकला असता. म्हणून सीडी 'राइट करून' देणारी दुकानं निघाली. वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, नेरूळ-बेलापूरच्या स्टेशनांजवळ, गल्लोगल्ली. भारतात या कोऱ्या सीड्या बनवणारी मोठी कंपनी नॉयडाची मोझर बेअर. १९८३ ची स्थापना, १९८८ पासून फ्लॉप्या, १९९९ पासून सीडी. पुढे स्वस्त चित्रपटांच्या व्हीसीडीही त्यांनी घरोघर पोचवल्या. पेन ड्राइव्ह आणि इंटरनेटने हा धंदा बसवला आणि २०१८ मध्ये कंपनी अवसायनात गेली.

लोकांची समजूत होती, की सीडी म्हणजे काच, कायमची. 'सीडीवर घेतलंय ना, मग काळजी नको.' पण घरी लिहिलेली सीडी आणि कारखान्यात छापलेली गाण्याची सीडी यांत फरक आहे. छापलेल्या सीडीत खड्डे असतात. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा पातळ थर असतो आणि लेसर त्यावर डाग पाडतो. तो रंग ऊन, उष्णता आणि दमटपणाने उतरतो. चकाकी देणारा धातूचा थर तर खालच्या बाजूला नसून वरच्या, लेबलच्या बाजूला असतो, जेमतेम लॅकरखाली. आपण खालची बाजू तळहातावर जपत आलो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने 'साखरपुडा, भाग २' असं दाबून लिहिलं. त्यात आपलं शहर खाडीकाठचं, भराव घातलेल्या जमिनीवरचं. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तर सीडीचं काय घेऊन बसलात! फ्लॉपीच्या चकतीवरही तीच पांढरी नक्षी उमटते, आणि तशी फ्लॉपी घातली की ड्राइव्हचं हेडही खराब होतं. म्हणून आलेली फ्लॉपी आम्ही आधी उजेडात धरतो, मगच पुढचं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई, ठाणे, रायगडात तळमजल्यांवर पाणी शिरलं. त्या काळी सीपीयूचं खोकं टेबलाखाली जमिनीवर असायचं, आणि सीड्यांचं पाकीट त्याच टेबलाच्या खालच्या खणात. मूळ आणि प्रत एकाच पाण्यात बुडाले. मुनीमजींची 'प्रत घरी न्यायची' ही शिस्त घरातल्या संगणकाला कधी लागलीच नव्हती. जायची कुठे? ज्यांचे नातेवाईक परदेशी होते त्यांचं मात्र साधलं. मुलीला न्यू जर्सीला पाठवलेली लग्नाच्या फोटोंची सीडी हाच घरातला दूरवरचा बॅकअप ठरला.

पेन ड्राइव्हविषयी फार सांगायला नको, तो अजून तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असेल. २००० मध्ये पहिले विकायला आले ते ८ एमबीचे. झेरॉक्सच्या दुकानात लावला की व्हायरस घेऊन परत. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्ह आपोआप चालू होणं बंद केलं तेव्हा ती साथ ओसरू लागली. साठवणुकीच्या दृष्टीने पेन ड्राइव्ह हे सर्वांत कच्चं भांडं. त्यात माहिती म्हणजे कोंडलेला विद्युतभार, आणि वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिला की तो हळूहळू झिरपतो. वर त्याच्यावर लेबल लावायला जागा नाही. फ्लॉपीवर निदान तारीख होती.

आणि आता आकाश. घणसोलीत जिओचं मुख्यालय आहे. ५ सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि फोटो फोनवरून थेट वर जाऊ लागले. महापे, रबाळे, ऐरोली, तुर्भे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे रसायनांचे कारखाने होते, तिथे आज डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या इमारती आहेत. २०२० मध्ये पनवेलजवळ योट्टाचं मोठं केंद्र सुरू झालं. देशाच्या डेटाचा मोठा साठा आपल्या शहरात आहे आणि आपल्या फोटोंची डबी मात्र माळ्यावर. आकाश म्हणतात त्यालाही भाडं असतं. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली, तेव्हा घराघरांत जागा भरल्याचे निरोप येऊ लागले आणि लोक पुन्हा बाहेरची हार्ड डिस्क विकत घेऊ लागले. मोठ्या यंत्रणाही काढता येणाऱ्या माध्यमाला विटलेल्या नाहीत. त्यांचा जुना डेटा आजही चुंबकीय फितीच्या कार्ट्रिजवर उतरवला जातो आणि गाडीत घालून दुसऱ्या जागी नेऊन ठेवला जातो. मुनीमजींच्या फ्लॉपीसारखाच.

हे सगळं आज का काढलं, तर एका निकडीमुळे. वाशी, नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. इमारत पडायची म्हणजे माळे रिकामे व्हायचे, आणि माळ्यावरच्या डब्या भंगारात जायच्या. दुसरीकडे त्याच वेळी सोसायटीला जुने हिशेब, सदस्यांची आय आणि जे नोंदवही, हस्तांतरणाचे ठराव लागतात. एका खजिनदाराने दुसऱ्याला फ्लॉपी दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला सीडी, चौथ्याला पेन ड्राइव्ह. 'मधली दहा वर्षं सापडत नाहीत' हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलं आहे. १९८५ च्या सभेचं हाताने लिहिलेलं इतिवृत्त असतं, २०१५ ची पीडीएफ असते, मधलं नसतं. कुणाची सदस्यता केव्हा कुणाच्या नावे झाली, याचा वाद नेमका त्या दहा वर्षांत अडकतो आणि एखाद्या विधवा बाईंना आपलं घर आपलंच असल्याचं सिद्ध करत फिरावं लागतं.

तेव्हा घर रिकामं करण्याआधी डबी काढा. सव्वापाच इंची फ्लॉपी असेल तर ती घरी वाचायच्या फंदात पडू नका. तिला जुना ड्राइव्ह आणि ग्रीसविझलसारखं छोटं सर्किट लागतं, ते बाळगणारे हौशी लोक आहेत. साडेतीन इंची असेल तर आधी लिहिण्यापासून वाचवणारी खिट्टी सरकवा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. सीडी वाचताना एका ड्राइव्हने नकार दिला तर दुसऱ्यात घालून बघा, पुष्कळदा जमतं. फाइल मराठी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, की टायपिंग कुणाकडून करून घेतलं होतं आणि फॉन्ट कुठला होता. त्याच काळातला छापील कागद, एखादी पत्रिका किंवा नोटीस, हाती लागली तर तीही ठेवा. अक्षराच्या वळणावरून फॉन्ट ओळखता येतो. आणि हे काम मेअखेरपर्यंत उरका. पाऊस सुरू झाला की डब्या उघडायला आम्हीही नको म्हणतो.

प्रश्न असतील तर घेऊ या.